लाल पेटीतला चांगला पीस

प्रीतमच्या मते जगात माणसांच्या दोनच तऱ्हा होत्या. फॉर्म बनवणारे आणि फॉर्म भरणारे. पहिल्या तऱ्हेची माणसं मोजकी, आणि त्यातलीही बरीचशी आपल्याइतकी हुशार नाहीत, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. दुसऱ्या तऱ्हेच्या माणसांना तो ‘युजर’ म्हणायचा. हा शब्द उच्चारताना त्याच्या वरच्या ओठाला अशी मुरड पडायची, की बघणाऱ्याला वाटावं, ह्याच्या चहात माशी पडली.

त्याचं ऑफिस आकुर्डीत, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नळाच्या सामानाच्या दुकानाच्या डोक्यावर. मालक सदा बाहेर, गिऱ्हाइकं शोधत. त्यामुळे वरच्या दोन खोल्यांत प्रीतमचंच राज्य. अधूनमधून एखादा प्लंबर चुकून जिना चढून यायचा आणि पाइपाचा एल्बो मागायचा. प्रीतम त्याच्याकडे असा बघायचा, की तो बिचारा चपला हातात घेऊन खाली उतरायचा. असं एखाद्याला उतरवलं की प्रीतमचा दिवस चांगला जायचा. माणसाला कशाचं सुख होईल सांगता येत नाही.

नव्या पोरांच्या मुलाखती घ्यायचं काम त्यानं मालकाकडून हौसेनं मागून घेतलं होतं. ते लोक पीएचपी नावाच्या भाषेत कामं करायचे, आणि त्या भाषेत ‘एम्प्टी’ म्हणून एक सोय आहे. फॉर्ममधला एखादा रकाना रिकामा आहे का, हे ती सांगते. प्रीतमचा ठरलेला प्रश्न असा, की रकान्यात कोणी शून्य लिहिलं तर एम्प्टी काय म्हणेल? समोरचं पोरगं घाम पुसत म्हणायचं, “सर, शून्य लिहिलंय म्हणजे रकाना भरलेलाच आहे.” जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं हेच उत्तर दिलं असतं. मग प्रीतम खुर्चीत मागे रेलायचा आणि सावकाश म्हणायचा, “चूक. पीएचपीला शून्य आणि रिकामं सारखंच. शून्य भरलं तरी ती म्हणणार, काहीच भरलं नाही. कॉलेजात काय शिकवतात रे तुम्हाला?”

तनुजालासुद्धा हे उत्तर आलं नव्हतं. तरी तिला घेतलं, कारण त्या पगारात दुसरं कोणी तयार नव्हतं. ती गोष्ट प्रीतम तिला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचा.

आणि ह्याच पंडितानं चाकणच्या अर्जुनरावांचा फॉर्म लिहिताना प्रत्येक रकान्यापुढे डोळे झाकून तोच एम्प्टी चिकटवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

अर्जुनराव मूळचे तिथल्याच गावचे. वाडवडलांची जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी शेड बांधली आणि पत्र्याचे भाग ठोकून काढणारी प्रेस मशीन मांडली. एकाच्या तीन शेड झाल्या, पांढरी गाडी आली, पण बोलणं गावचंच राहिलं. मोठ्या गाडी कंपन्या त्यांच्याकडून माल घ्यायच्या. त्यातल्या एका कंपनीनं सांगितलं, कागद बंद करा, सगळं कॉम्प्युटरवर आणा. म्हणून पहिल्या शेडसाठी पोर्टल बनवायला अर्जुनराव आकुर्डीचा जिना चढून आले होते.

“प्रत्येक शिफ्ट सुटली की ऑपरेटरनं फॉर्म भरायचा,” ते म्हणाले होते. “मशीन कोन्तं, नाव काय, पीस किती काढलं, त्यातलं खराब किती. आन् एक बी रकाना रिकामा ऱ्हायला तर फॉर्म म्होरं जाता कामा न्हाई. आमची मानसं लई आळशी हायेत, सांगून ठिवतो.”

युजर आळशी असतात ह्यावर दोघांचं लगेच जमलं. प्रीतमनं दुपारचा चहा घेता घेता फॉर्म उरकला. रकाना रिकामा दिसला की लाल अक्षरांत ‘कृपया सर्व माहिती भरा’ असं झळकायचं. स्वतः भरून बघताना त्यानं खराब पीसच्या रकान्यात पाच टाकले. कारखान्यात खराब पीस निघतातच, ती माणसं दुसरं काय करणार, असा त्याचा हिशेब. एकही खराब निघणार नाही असा माणूस चाकणला असू शकतो, हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

तसा एक माणूस होता. नवनाथ त्याचं नाव. बीड जिल्ह्यातल्या केजकडचा, कित्येक वर्षं कंत्राटावर राबणारा. ब्रेकच्या पेडलला धरून ठेवणारा जो ब्रॅकेट असतो, तो काढणारं नवं मशीन अर्जुनरावांनी त्याच्या हाती दिलं होतं. ब्रेकचा भाग म्हटल्यावर गाडी कंपनी एकही खराब पीस खपवून घेत नाही. नवनाथच्या हातून खराब पीस निघतही नव्हता. शेडमधल्या बाकी मशीनवर रोज दोनचार वाया जायचे, त्यांचे फॉर्म सुरळीत जात होते. अडत होता तो एकट्या नवनाथचा. पहिल्याच दिवशी त्यानं खराबच्या रकान्यात शून्य टाकलं, आणि पोर्टल लाल अक्षरांत त्याच्या अंगावर आलं.

माल तपासायचं काम जयमालाताईंचं. देहूरोडहून कंपनीच्या बसनं यायच्या, चाळिशीच्या, कामाला चोख. त्यांनी प्रीतमला फोन लावला.

“सर, खराब पीसच्या रकान्यात आम्ही शून्य टाकतोय, तर फॉर्म म्हणतो माहिती भरा.”

“मग भरा ना, मॅडम.”

“शून्य भरलंय.”

“मॅडम, तिथं मराठीत लिहिलंय. मराठी वाचता येतं ना तुमच्या ऑपरेटरला?”

“येतं. चांगलं येतं.”

“मग झालं तर,” असं म्हणून प्रीतमनं फोन ठेवला आणि ऑफिसभर सगळ्यांना ऐकवलं, की चाकणला माणसं नाहीत, नमुने आहेत.

दोन दिवसांनी ताईंनी तीच तक्रार लिहून पाठवली. प्रीतमनं ती वाचली की नाही कोण जाणे, उत्तर मात्र तत्परतेनं धाडलं. “युजर एरर. रकाना रिकामा सोडू नये.” हे उत्तर त्याच्याकडे तयारच असायचं, आलेल्या प्रत्येकाच्या तोंडावर मारायला.

तिसऱ्या वेळी फोन तनुजानं उचलला. ऐकून घेतलं आणि भीत भीत त्याच्या टेबलाशी गेली. “सर, चाकणच्या मॅडम म्हणतात शून्य घेत नाही. तुम्ही मुलाखतीत विचारता, तेच तर नसेल ना?”

“माझ्या कोडमध्ये?” प्रीतम म्हणाला, आणि हसला. अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असा हसला. “तुला ज्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, तो आता तू मला शिकवणार?”

तनुजा कान लाल करून जागेवर जाऊन बसली. ते कोड उघडून एक ओळ बघायला चहाचा कप संपेपर्यंतचा वेळ पुरला असता. पण बघायचं म्हणजे आपण चुकू शकतो हे आधी मान्य करायचं, आणि तेवढं औदार्य त्याच्या घरात कोणी शिकवलेलं नव्हतं.

पुढे चाकणहून फोन येणं बंद झालं. प्रीतमनं मनाशी ठरवून टाकलं, की युजर सुधारले.

असे चार-पाच महिने गेले. मग एक दिवस अर्जुनरावांचाच फोन आला. “प्रीतम, तो तू आलेख का काय काढून दिला व्हता न्हवं, ऑपरेटरच्या नावानं, त्यो बघतोय मी. ह्यो नवनाथ रोज एक पीस खराब करतोय रं. रोजच्या रोज, एक!”

प्रीतमनं लॅपटॉपवर तो आलेख उघडला. बाकीच्यांच्या रेघा वर-खाली होत्या. नवनाथच्या तेवढ्या सारख्या उंचीच्या, कंपाउंडच्या भिंतीला विटा लावाव्यात तशा. जरा अक्कल असलेल्या कोणालाही शंका आली असती, की माणूस असो नाहीतर यंत्र, इतकं मोजूनमापून कोणी चुकत नाही. प्रीतमला तो आलेख फक्त देखणा वाटला. आपणच काढलेला होता ना!

“ब्रेकचा पार्ट हाय,” अर्जुनराव सांगत होते. “कंपनीचं लोक म्हयन्याभरात तपासाया येनार. मशीन नवंकोरं, त्ये काय बिघडायचं न्हाई. म्हंजी खोट मानसात हाय. ह्या नवनाथला मी पर्मनंट करनार व्हतो, कागद तयार हाय माझ्याकडं. आता त्येला गेटाभाईर काढावा म्हनतो. ती जयमालाबाई मधी बोलती, म्हनं पोर्टलमधीच गडबड हाय. तू बुधवारी यिऊन ह्या लोकान्ला समजावून सांग, येकदाचा तुकडा पडू दे.”

आपल्याला साक्षीदार म्हणून, जाणकार म्हणून बोलावलंय म्हटल्यावर प्रीतमची छाती फुगली. बुधवारी, म्हणजे कारखान्यांच्या गुरुवारच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. तळवड्याच्या चौकात कंटेनरच्या रांगेत अडकला, आणि पुढच्या प्रत्येक ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चाकणला पोचला. अर्जुनराव तिसऱ्या शेडला गेले होते. जयमालाताई त्याला आत घेऊन गेल्या.

“शिफ्ट सुटतेच आहे,” त्या म्हणाल्या. “आधी डोळ्यांनी बघून घ्या, मग केबिनमध्ये बोला.”

प्रेसच्या दणक्यांनी पायाखालची फरशी हलत होती. प्रीतमनं बूट तेलात पडू नयेत म्हणून उड्या मारत वाट काढली. नवनाथ मशीन बंद करत होता. बुटका, दाढी वाढलेला, कानात कापसाचे बोळे. त्यानं ट्रेमधला एक ब्रॅकेट उचलला, तपासायच्या मापात बसवला. ब्रॅकेट अलगद बसला. मग त्यानं लाल रंगाच्या डब्यातला ब्रश घेतला, त्या ब्रॅकेटवर एक फटकारा ओढला आणि तो खराब मालाच्या लाल पेटीत टाकला. हात पुसले आणि टॅबवर खराबच्या रकान्यात एक लिहिलं. फॉर्म गेला.

“हा पीस खराब होता?” प्रीतमनं विचारलं.

“न्हाई ओ सायब. एकदम ओके पीस हाय.”

“मग लाल पेटीत कशाला?”

नवनाथला ह्या प्रश्नाचंच नवल वाटलं. “पोर्टलचा हाय त्यो. त्येला रोज एक द्यावाच लागतो.”

जेवायला बसण्याआधी गायीचा घास बाजूला काढावा, इतक्या साधेपणानं त्यानं हे सांगितलं. प्रीतमला काही कळेना. तेव्हा ताईंनी उलगडा केला.

“फॉर्म शून्य घेत नाही. तुम्ही म्हणालात रिकामं सोडू नका, तर आम्ही एक टाकून बघितला. तो घेतला. पण पोर्टलवर एक खराब दिसला की संध्याकाळी स्टोअरवाला लाल पेटी मोजायला येतो. पेटीत पीस नसेल तर तो सही करत नाही, आणि सही नसेल तर माल गेटातून सुटत नाही. नवनाथकडे खराब निघत नाही. मग काय करणार? चांगल्यातला एक रंगवून टाकायचा. मीच सांगितलं त्याला.”

प्रीतमला सगळं कळलं. एका क्षणात कळलं, कारण उत्तर त्याला कित्येक वर्षांपासून पाठ होतं. शून्य म्हणजे रिकामं. समोरच्या लाल पेटीत तळाशी रंगवलेला तो ब्रॅकेट पडला होता. असे किती गेले असतील भंगारात, रोज एक ह्या हिशेबानं!

दुसऱ्या कोणाची मान शरमेनं खाली गेली असती. प्रीतमला आधी आला तो राग, आणि तोही ह्या दोघांचाच. ह्यांना साधं दोनदा शून्य टाकायला सुचू नये? शून्य-शून्य लिहिलं असतं तर पीएचपीनं ते मुकाट घेतलं असतं. नुसता स्पेसबार दाबला असता तरी घेतलं असतं. तेवढं करायचं सोडून ही माणसं चांगला माल रंगवत बसली! युजर ते युजरच, असं तो मनात म्हणाला आणि त्याला जरा बरं वाटलं. नाचता येईना अंगण वाकडं.

“सायब, एवढं मालकाला सांगा,” नवनाथ म्हणाला. “आमचं ते ऐकीत न्हाईत. म्हणतात, काम्पूटर कशाला खोटं बोलंल. तुम्ही सांगितलं की ऐकतील. पर्मनंट झालो की बायकूला आन् लेकरान्ला गावाकडून घिऊन यायचंय. खोली बघून ठिवलीय मोशीला.”

“हं, बघतो,” प्रीतम म्हणाला.

‘बघतो’ ह्या शब्दाइतका निरुपयोगी शब्द मराठीत दुसरा नसेल. पण नवनाथचं तेवढ्यानंही समाधान झालं. त्यानं हात जोडले.

केबिनमध्ये प्रीतम एकटाच बसला. अर्जुनराव आले होते, पण बाहेर अंगणात कोणावर तरी फोनवर ओरडत उभे होते. काचेतून त्यांचा हात वर-खाली होताना दिसत होता. प्रीतमनं लॅपटॉप उघडला. ती ओळ सापडायला शोधावंही लागलं नाही, समोरच होती. एम्प्टी. ती काढून त्यानं साधी गोष्ट लिहिली, की रकान्यातल्या मोकळ्या जागा आधी झटकायच्या, मग जे उरेल ते खरोखरच कोरं असेल तरच अडवायचं. शून्य आलं तर जाऊ द्यायचं. मग त्यानं ते थेट चालू पोर्टलवर चढवलं. चालू पोर्टलला कधी हात लावायचा नाही, हा धडा तो तनुजाला रोज द्यायचा.

हे करताना तो मनाशी म्हणत होता, आधी दुरुस्त करतो, मग सांगतो. त्या क्षणी त्याला तसं खरंच वाटत असेल, नाही असं नाही. पण आधी गुपचूप दुरुस्त करणाऱ्यांतले मग सांगणारे किती असतात, हे आपण सगळे जाणतो. चूक अंगावर होती तोवर तिचं भय होतं. चूक पुसली गेली, आणि आता सांगायचं काय आणि कशाला, असं त्याला वाटू लागलं.

अर्जुनराव आत आले. मागोमाग जयमालाताई आणि नवनाथ. नवनाथ दाराशीच उभा राहिला, टॅब छातीशी धरून.

“हं, बोला बाई,” अर्जुनराव म्हणाले. “काय म्हननं हाय तुमचं, ह्या प्रीतमच्या तोंडावर बोला.”

ताईंनी सगळं सांगितलं. पोर्टल शून्य घेत नाही हे, एक टाकतो हे, पेटीत चांगला पीस जातो हे. काही लपवलं नाही, आणि ह्यात नवनाथचा दोष नाही, मी सांगितलं म्हणून त्यानं केलं, असंही म्हणाल्या. बोलताना त्या मधूनमधून प्रीतमकडे बघत होत्या. आत्ताच डोळ्यांनी बघून आलेला माणूस मान डोलावेल अशी त्यांची खात्री होती.

अर्जुनराव प्रीतमकडे वळले. “व्हय रं? तुजं पोर्टल शून्य घेत न्हाई म्हनतात ही.”

हीच ती वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. ‘घेत नव्हतं, चूक माझी.’ अर्जुनरावांनी दोन शिव्या हासडल्या असत्या, चहा मागवला असता आणि नवनाथचा कागद टेबलाच्या खणातून बाहेर आला असता. पण ते वाक्य दोन युजरांच्या देखत बोलावं लागणार होतं. एक रोजच्या बसनं येणारी बाई आणि एक तेलकट हातांचा ऑपरेटर. ह्यांच्यासमोर आपण चुकलो म्हणायचं?

“घेतं की,” प्रीतम म्हणाला. “आत्ता टाकून बघा.”

जयमालाताई चपापल्या. पण अर्जुनरावांनी हात हलवला. “टाक रं नवनाथ. दाव मला.”

नवनाथनं टॅब टेबलावर ठेवला. सगळे रकाने भरले, आणि खराबच्या रकान्यात जपून, एका बोटानं, शून्य टाकलं. मग तो बाजूला सरकला, मालकाला लाल अक्षरं नीट दिसावीत म्हणून. बटण दाबलं. पडदा हिरवा झाला. ‘माहिती जतन झाली.’

“घेतलं!” नवनाथ ओरडलाच. “ताई, घेतलं की ओ त्येनं! शून्य घेतलं! बघा मालक, शून्य आलंय माझं!”

इतके महिने जे काम तो करत होता, ते पहिल्यांदा जसंच्या तसं लिहिलं गेलं होतं. त्याचा चेहरा फुलून आला होता. टॅब उचलून तो अर्जुनरावांना दाखवत होता, मग प्रीतमला दाखवत होता, आणि प्रीतमला म्हणत होता, “लई उपकार झालं, सायब.” आपण ह्या घडीला काय गमावलं, हे त्या खोलीत फक्त त्यालाच कळलेलं नव्हतं.

अर्जुनराव खुर्चीत पुढे झुकले. “म्हंजी घेतं त्ये शून्य.”

“घेतलं की, मालक!”

“म्हंजी कवाबी घेत व्हतं. आन् तुमी दोघं रोज माझा चांगला पीस रंगवून भंगारात घालत व्हता, आन् नाव पोर्टलचं.”

नवनाथचा हात हवेतच राहिला. तो टॅबकडे बघू लागला, मग ताईंकडे. “न्हाई मालक, काल पातुर घेत नव्हतं. देवाच्यान घेत नव्हतं.”

“काल न्हाई आन् आज घेतं? त्येला काय सपान पडलं?”

“ह्यांनी आत्ता बदललंय,” जयमालाताई म्हणाल्या. त्यांची नजर टेबलावरच्या उघड्या लॅपटॉपवर खिळली होती. “तुम्ही बाहेर फोनवर होतात, तेवढ्यात ह्यांनी बदललंय. मी कितीदा कळवलं होतं ह्यांना. लेखी कळवलंय.” त्यांनी मोबाइलमधला तो निरोप काढून अर्जुनरावांपुढे धरला.

अर्जुनरावांनी चष्मा लावून वाचलं. निरोप वाचला, खालचं उत्तरही वाचलं. “ह्यात तर हा म्हनतोय, चूक तुमचीच हाय. रकाना रिकामा सोडू नगा म्हनून. तवाच सांगितलंय की त्येनं तुमाला.”

“मॅडम,” प्रीतम म्हणाला. आवाज त्याला हवा तसा थंड निघाला. “आपल्या माणसाला वाचवायचं म्हणून दर वेळी सॉफ्टवेअरवर खापर फोडायचं, हे बरं नाही.”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण चोर इस्त्रीच्या शर्टात असला आणि त्याच्यापुढे लॅपटॉप असला, की बोंबेचा सल्ला होतो.

पुढचं फार चाललं नाही. नवनाथला त्याच दुपारी कामावरून काढून गेटाबाहेर घातलं. जयमालाताईंना ठेवून घेतलं, कारण गाडी कंपनीची माणसं तपासणीला आली की त्यांची भाषा ताईंशिवाय कोणाला कळत नव्हती. नवनाथ कानातले बोळे काढायचेही विसरला होता. जाताना त्यानं टॅब पुसून टेबलावर नीट ठेवला आणि प्रीतमला एकच विचारलं. भांडून नाही, खरंच कळत नाही म्हणून विचारलं.

“सायब, मंग आधी का घेत नव्हतं ते?”

प्रीतम लॅपटॉपची वायर गुंडाळत होता. ती त्यानं गुंडाळून पूर्ण केली. तोवर नवनाथ थांबला, आणि मग गेला.

प्रीतम गाडीकडे निघाला तेव्हा जयमालाताई शेडच्या दारात उभ्या होत्या. त्या काही बोलतील, आरडाओरडा करतील, म्हणून त्यानं मनात उत्तर जुळवून ठेवलं होतं. त्यांनी त्याच्याकडे फक्त बघितलं, नखशिखान्त, आणि मग त्याच्या पायाजवळ नाही, पण फार लांबही नाही, अशा बेतानं थुंकल्या. आत निघून गेल्या. प्रीतम गाडीत बसून बराच वेळ बूट तपासत राहिला.

महिन्याभरानं गाडी कंपनीची तपासणी झाली. नवनाथच्या मशीनवर आता अर्जुनरावांच्या भावकीतला कोणी बसत होता. त्याच्या हातून कधी एखादा ब्रॅकेट बिघडला तर तो खिशात घालून घरी न्यायचा आणि रकान्यात शून्य भरायचा. आणि पोर्टल ते घ्यायचं, आता काही अडचण नव्हती. केबिनच्या पडद्यावर आलेख लावला होता. डावीकडे नवनाथची सारख्या उंचीची भिंत, मध्ये एक बुधवार, आणि तिथून पुढे सगळं सपाट.

अर्जुनरावांनी पाहुण्यांना तो आलेख बोटानं दाखवला. “मानूस बदलला आन् बघा, त्याच दिसापास्नं शून्य. खोट मशीनमधी नव्हती.” पाहुण्यांनी माना डोलावल्या. काहींनी फोटो काढले. कोपऱ्यात फायली घेऊन उभ्या असलेल्या जयमालाताईंना त्यातल्या एकानं विचारलं, की आधीचा ऑपरेटर इतका निष्काळजी कसा, तुमच्या लक्षात कसं आलं नाही?

त्या संध्याकाळी अर्जुनरावांनी प्रीतमला फोन केला. आवाज खुशीत होता. “तुज्या पोर्टलनं मानूस पकडून दिला रं. बाकीच्या दोन शेडलाबी लावून टाक.”

“लावू की,” प्रीतम म्हणाला, आणि समोर बसलेल्या मुलाखतीच्या पोराला हातानंच जरा थांब म्हणाला. “अर्जुनराव, मी तुम्हाला पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. प्रॉब्लेम नेहमी युजरमध्येच असतो.”